जळगाव, तिसरा मजला आणि घरातलं पहिलं मांजर

गिरणाकाठ | १४ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही जळगावात राहतो, तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात मी, नवरा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. नवरा रेल्वेत, भुसावळला, ड्यूटीचा काही नेम नाही. मी बँकेत, साडेनऊला बाहेर पडते ती संध्याकाळी साडेसहाला घरी. सासूबाई दिवसभर घरी असतात.

तर पार्किंगमध्ये एका बंद पडलेल्या स्कूटरमागे भाटी व्यालीय. चार पिल्लं. त्यातलं पिवळं मुलीने 'आपलं' म्हणून ठरवूनही टाकलंय. परवा दप्तरात घालून वर आणायच्या बेतात होती, वॉचमनकाकांनी पकडलं.

माझं माहेर चोपडा तालुक्यात. तिथे मांजरी होत्याच, पण खळ्यातल्या. धार काढायच्या वेळी गोठ्यात येऊन बसायच्या, आजी एक धार त्यांच्या तोंडावर मारायची, बास. कधी आल्या, कधी मेल्या, कुणी मोजलं नाही. त्यामुळे मांजर 'पाळायचं' म्हणजे नेमकं काय करायचं, यात मी कोरी पाटी आहे.

आयुष्यभर चार भिंतींत ठेवलं तर ते कष्टी होत नाही का? वास किती येतो? सोसायटीने नाही म्हटलं तर? आणि सगळ्यात अवघड गाठ म्हणजे सासूबाई माळकरी आहेत. घरात अंडंसुद्धा येत नाही. मांजराला शाकाहारी ठेवता येतं का? त्यात पुढे एप्रिल-मे. आपल्याकडचा उन्हाळा वेगळा सांगायला नको.

जिभाऊ | १४ मार्च, रात्री ११:०५

व माय! मांजरले बी फ्लॅट?

आमना गावमा कोनी मांजर पायतस नही, मांजरच आपले पायस. :)

ताई, गंमत सोडा. मी धुळ्याचा, शेती आहे. मांजर ही उंदरांसाठी असते. तिसऱ्या मजल्यावर उंदीर नाहीत, खळं नाही, मग ते बिचारं करणार काय दिवसभर? टीव्ही बघणार? पोरीला सायकल घेऊन द्या, आठ दिवसांत विसरेल.

मनीची माय | १५ मार्च, सकाळी ७:२०

जिभाऊ, सकाळी सकाळी तुमच्याशी भांडायची इच्छा नाही, चहा व्हायचाय.

गिरणाकाठ, आधी सांगा, पिल्लांचे डोळे उघडलेत का?

गिरणाकाठ | १५ मार्च, सकाळी ७:५०

उघडलेत. निळे आहेत. चालताना लटपटतात, मागचे पाय घसरतात.

मनीची माय | १५ मार्च, दुपारी २:१५

म्हणजे दोन-अडीच आठवड्यांची. मग आत्ता हात लावायचा नाही. आठ आठवडे पुरे होईपर्यंत आईपासून तोडू नका, दहा झाले तर उत्तम. पेटीत शी-शू करणं, चावताना किती जोर लावायचा, हे सगळं त्यांना आई आणि भावंडं शिकवतात. लवकर उचललेलं पिल्लू पुढे हाताला कडकडून चावतं आणि लोक म्हणतात मांजर कृतघ्न असतं. मुलीला मात्र रोज खाली जाऊ द्या. साधारण दोन ते सात आठवडे या काळात माणसाचा हात लागलेलं पिल्लू जन्मभर माणसाळलेलं राहतं. दप्तर वर ठेवून जायचं, एवढी अट घाला. भाटी बिथरली तर पिल्लं उचलून दुसरीकडे नेईल. सात घरं फिरवते म्हणतात ते उगीच नाही.

आता कोंडण्याबद्दल. माझ्याकडे अकरा वर्षं मांजरं आहेत, सध्या दोन, दोन्ही फ्लॅटमध्येच. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. उरलेल्या वेळात त्याला काय हवं? चौरस फुटांपेक्षा उंची. कपाटाचा माथा, एखादी रिकामी फळी, खिडकीत बसायला जागा आणि समोर चिमण्या-कबुतरं. ही झाली सोय. त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं काठीला चिंधी बांधून पळवायचं. हे केलं नाहीत तर पहाटे चारला ते तुम्हाला पळवेल.

दिवसभर सासूबाई घरात आहेत, पण त्या मांजराशी खेळणार नाहीत असं धरून चाला. जमलं तर दोन पिल्लं घ्या. ऐकायला उलटं वाटतं, पण दोघं एकमेकांना दमवतात आणि तुमचे सोफे वाचतात. जमणार नसेल तर एक.

वास येतो तो मांजराचा नाही, न उपसलेल्या पेटीचा. पसरट टब, त्यात तीन बोटं लिटर (मांजराच्या शी-शूसाठी मिळणारी माती), दिवसातून दोनदा उपसायचं. पिल्लू लहान असेपर्यंत लघवी लागली की गोळे होणारं लिटर नको, चाटून पोटात जातं. पेटी खाण्यापासून लांब ठेवा, तुम्ही तरी संडासात जेवाल का?

मांजर आणायच्या आधी खिडक्यांना जाळ्या. आणल्यावर नाही, आधी. डासांची नायलॉन जाळी चालत नाही, ती नखांनी दोन दिवसांत उसवते. कबुतरांसाठी लावतात ती जाड जाळी किंवा वेल्डमेश.

केळीचं पान | १५ मार्च, रात्री ९:३०

शाकाहाराबद्दल स्वानुभव. आमच्या सावद्याच्या घरी मांजर वरणभात, दूध-पोळी आणि वर चमचाभर तूप यावर नऊ वर्षं टुकटुकीत जगलं. उगीच पाकिटवाल्यांच्या नादी लागू नका. पूर्वी कुठे होती पाकिटं?

गोठ्यातला डॉक्टर | १६ मार्च, रात्री ११:४५

मी नंदुरबार जिल्ह्यात पशुवैद्य आहे. माझा हात गायी-बैलांवर बसलेला, मांजरं कमी येतात. तरी जेवढं पक्कं आहे तेवढं लिहितो.

केळीचं पान, तुमचं मांजर वरणभातावर जगलं नाही. ते रात्री उंदरांवर जगत होतं आणि सकाळी तुमच्या समाधानासाठी वरणभात खात होतं. मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो. तो मांसात असतो, डाळ-तांदळात नसतो आणि मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो कमी पडला की हृदयाचे स्नायू ढिले पडतात, डोळ्यांचा पडदा खराब होऊन आंधळेपण येतं. कुत्रं भाकरीवर निभावून नेऊ शकतं, मांजर नाही. म्हणून कुत्र्याचं खाद्यही मांजराला रोज घालायचं नसतं. तिसऱ्या मजल्यावर उंदीर नाही, तेव्हा पाकीट, वाटल्यास जोडीला बिनमिठाचं शिजवलेलं मांस, याला पर्याय नाही. माळकरी घरात हे मान्य होणार नसेल तर मांजर आणू नका, ससा बघा. रागावू नका, पण अर्धवट तडजोडीत मरतं ते जनावर.

दूध: मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना गायी-म्हशीचं दूध पचत नाही, हगवण लागते. चित्रातल्या मांजरापुढे वाटी असते ती चित्रातच राहू द्या.

लस: आठ-नऊ आठवड्यांना तिहेरी लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि तीन महिन्यांच्या पुढे रेबीजची. मग दरवर्षी. जंताचं औषध आधी. पार्किंगमधल्या पिल्लांना जंत असतातच, पोट नगाऱ्यासारखं दिसत असेल तर तेच. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि माणसाच्या डॉक्टरकडे जायचं, पिल्लू कितीही गोंडस असलं तरी.

ऑपरेशन पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करून टाका. भाटी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, गाभणकाळ जेमतेम दोन महिन्यांचा. पार्किंगमधल्या त्या आईचंही वर्गणी काढून करून घ्या, नाहीतर तुमच्या धाग्याचा पुढचा भाग पावसाळ्यात येईल.

आता विषारी गोष्टी. पॅरासिटॅमॉल! 'अंग गरम लागतंय' म्हणून लोक मुलांचं सिरप मांजराला देतात. त्याचं अंग असतंच गरम, १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. एक गोळी जीव घ्यायला पुरते. मांजराचं यकृत ही रसायनं मोडू शकत नाही, आणि तसंच फिनेलचं. काळ्या फिनेलने लादी पुसली की ते पायांना लागतं, मांजर पाय चाटतं. डांबरगोळ्या, कुत्र्यांचे गोचिडांचे थेंब, कांदा-लसूण आणि फुलवाल्याकडच्या गुच्छातली मोठी लिली. लिलीचे नुसते पराग अंगावरून चाटले तरी किडन्या जातात.

पिवळ्याबद्दल अवांतर: पिवळी मांजरं बहुतांश बोके असतात. तिरंगी मात्र जवळजवळ नेहमी भाटीच.

भुसावळ जंक्शन | १७ मार्च, दुपारी ३:००

जाळ्यांबद्दल सगळे बोलले, पण आपल्या खान्देशातली खरी खिडकी कुणी सांगितली नाही. कूलरची.

आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. एप्रिल लागला की बाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, आणि त्याचं तोंड बेडरूमच्या खिडकीत. खिडकी सरकवून कूलर आत बसवला की बाजूला फट उरते, आणि त्यात आपण काय घालतो? थर्माकोल. किंवा पुठ्ठा, वरून चिकटपट्टी. आम्हीही तेच केलं होतं. बाकीच्या सगळ्या खिडक्यांना व्यवस्थित जाळ्या.

आमची चिंगी तेव्हा सात महिन्यांची. दुपारची वेळ, लाइट गेलेले, कूलर बंद. पुठ्ठा आतल्या बाजूने दमट होऊन मऊ पडला होता, कारण कूलरची हवा ओलीच. तिने पंजा घातला असणार. मी उठलो तेव्हा पुठ्ठ्याचा कोपरा वेफरसारखा दुमडलेला होता आणि चिंगी बाहेर, कूलरच्या माथ्यावर. पत्रा भर उन्हातला. ती एकेक पाय उचलत होती, आळीपाळीने, नाचल्यासारखं. खाली चार मजले. मी हाक मारली असती तर ती दचकली असती. बायकोने हळूच मासळीच्या खाद्याचा डबा वाजवला, खुळखुळ. त्या आवाजावर ती आल्या वाटेने आत आली. चारही तळव्यांना फोड आले होते.

तेव्हापासून फटीला प्लायवूड कापून स्क्रूने बसवतो, आणि कूलरच्या बाजूच्या गवताच्या ताट्या तारेने बांधतो. कारण दुसरा धोका तोच. ताटी ढिली असली तर मांजर गारव्याला आत शिरून बसतं आणि आपण बटण दाबतो. पुढचं लिहीत नाही.

'मांजर पायावर पडतं, काही होत नाही' म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा.

गोठ्यातला डॉक्टर | १७ मार्च, रात्री ८:१०

त्या 'काही होत नाही'चं मूळ सांगतो. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातली ९० टक्के वाचली, एवढंच लोकांनी उचललं. पण ती होती दवाखान्यात आणलेली मांजरं. जी जागेवर गेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार? आणि वाचलेल्यांतही फुटलेले जबडे, छातीला मार, मोडलेले पाय.

उन्हाचं: मांजराला घाम तळव्यांनाच, तोही नावापुरता. तोंड उघडून कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं की तो उष्माघात समजा. ओला टॉवेल, पंजे साध्या पाण्यात, पंखा, आणि दवाखाना. बर्फ लावायचा नाही. चपट्या नाकाची पर्शियन कुणी स्वस्तात देत असेल तर आपल्या ४५ अंशांत घेऊ नका. पार्किंगमधलं गावठी पिल्लू याच हवेतलं आहे.

नाइलाजाने सेक्रेटरी | १८ मार्च, सकाळी १०:३०

मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे (जळगावच, पण धागाकर्तीची नव्हे, असं गृहीत धरतो). आमच्यावर सगळे तुटून पडतात म्हणून दुसरी बाजू.

कायदा मला पाठ झालाय. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, अगदी सगळ्या सभासदांनी हात वर केले तरी. लिफ्टलाही मज्जाव करता येत नाही. आणि पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. हे मी स्वतः नोटीस बोर्डावर लावलं, आणि तरीही माझ्या गाडीच्या सीटवर नखांचे ओरखडे आहेत.

भांडण घरातल्या मांजरांवरून कधीच होत नाही. कोण कुणाकडे काय पाळतं हे वर्षभर कळतसुद्धा नाही. भांडण होतं जिन्यात दूध-भाताच्या वाट्या ठेवणाऱ्यांवरून. मुंग्या, वास, आणि मग त्यावर येणारी कुत्री. आणि आमच्याकडे पाणी दिवसाआड, जिना धुणार कोण आणि कशाने? एका काकूंना विचारलं तर म्हणाल्या, पुण्याचं काम आहे. पुण्य तुम्हाला, झाडू आम्हाला.

तेव्हा ताई, मांजर घरात ठेवा, वापरलेलं लिटर बांधून कचरागाडीत द्या, संडासात ओतू नका (आमचा पाइप एकदा सिमेंटसारखा बसला होता), आणि सेक्रेटरीला आपणहून एकदा सांगा. परवानगी म्हणून नाही, माहिती म्हणून. आम्ही तेवढ्यावर खूश असतो.

अमळनेरची | १८ मार्च, दुपारी १२:०५

धाग्यात मध्येच विचारते, माफ करा. मला चौथा महिना आहे आणि घरात तीन वर्षांचं मांजर आहे. सगळे म्हणताहेत सोडून ये कुठेतरी. बाळाला धोका असतो का खरंच?

गोठ्यातला डॉक्टर | १८ मार्च, दुपारी १:२०

सोडू नका. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी आहे, तो मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो. पण ताज्या विष्ठेतून लागण होत नाही, त्याला पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे पेटी रोज उपसली की बराचसा धोका गेला. आणि ती तुम्ही उपसू नका, नवऱ्याला सांगा. अगदीच वेळ आली तर हातमोजे आणि नंतर साबण. मांजराला कच्चं मांस नको. माणसांना हा आजार अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाज्यांतून आणि मातीतूनही होतो. तुमच्या डॉक्टरबाईंना घरात मांजर असल्याचं सांगून ठेवा.

अमळनेरची | १८ मार्च, दुपारी १:२५

नवऱ्याला हा प्रतिसाद मोठ्या अक्षरात पाठवलाय. धन्यवाद!

गिरणाकाठ | २० मार्च, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. वहीत उतरवून घेतलंय, मुलीने वर पिवळ्या स्केचपेनने मांजर काढलंय.

सासूबाईंशी बोलले. मला वाटलं होतं रडारड होईल. त्या शांतपणे म्हणाल्या, 'वाघ गवत खात नाही हे काय मला ठाऊक नाही? पण ते माझ्या ओट्यावर नको, माझ्या फडक्याने पुसायचं नाही आणि मला हात लावायला सांगायचं नाही.' म्हणून ठरलं असं: मांजराचा सगळा संसार मागच्या गॅलरीत. वेगळी वाटी, वेगळी घासणी, वेगळा डबा. गॅलरीला वेल्डमेश. कूलरच्या फटीला प्लायवूड (भुसावळ जंक्शन, तुमचा तो पुठ्ठा डोळ्यांसमोरून जात नाहीये).

एकच घेणार. दोनाचं धाडस नाही.

जिभाऊ | २० मार्च, रात्री १०:३०

सासू भारी शे तुमनी.

गिरणाकाठ | ९ जून, संध्याकाळी ७:४०

मंडळी, धागा वर काढतेय.

एप्रिलच्या सुरुवातीला भाटीने पिल्लं हलवली. आठ दिवस पत्ता नाही, मुलगी जेवेना. मग मागच्या बिल्डिंगच्या जनरेटर खोलीशेजारी सापडली, पण तीनच. पिवळा नव्हता. कुणी नेला असेल, आपण तसंच म्हणायचं. मुलीला मी तेच सांगितलं आणि तिनेही ते तसंच मानून घेतलं, हे मला तेव्हा जाणवलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातलं करड्या ठिपक्यांचं आणलं. बोका निघाला. रंग डिट्टो कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचा, म्हणून नाव कळणा. नाव सासूबाईंनी ठेवलं, म्हणजे त्या वैतागून म्हणाल्या, 'रंग बघा, करपलेल्या कळण्यासारखा,' आणि ते चिकटलं.

पहिले तीन दिवस पलंगाखालून बाहेर आला नाही. आम्हीही ओढून काढलं नाही. मुलगी पलंगाशेजारी फरशीवर पालथी पडून त्याला मराठीचा धडा वाचून दाखवायची. तिसऱ्या रात्री डब्याचा आवाज झाला, बघते तर महाशय जेवताहेत आणि मुलगी श्वास रोखून बसलीय. पेटी पहिल्याच दिवशी कळली त्याला, त्याच्या आईचे उपकार.

हौसेने ऑनलाइन गादी मागवली, चांगली मऊ. ती गादी ज्या खोक्यातून आली त्या खोक्यातही तो बसला नाही. बसतो कुठे, तर दिरांच्या ओळखीच्या केळीवाल्याकडून पुस्तकं ठेवायला आणलेल्या एक्स्पोर्टच्या पुठ्ठ्याच्या पेटीत. त्याला हवेसाठी भोकं असतात ना, त्यातून पंजा बाहेर काढून जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाय धरतो.

उन्हाळा? जाळ्या आणि प्लायवूड टिकलं. दुपारी मी बँकेत असताना तो कूलरसमोर झोपत असेल अशी माझी समजूत होती. रविवारी बघितलं तर कूलरच्या आवाजाला घाबरून दुसऱ्या खोलीत, माठाच्या तिवईखाली. माठ पाझरतो तिथे ओली फरशी असते, त्यावर पोट टेकवून चारी पाय पसरून. घरातली सगळ्यात थंड जागा त्याने दोन दिवसांत शोधली, आम्हाला सहा वर्षांत कळली नव्हती.

एक चूक झाली, लिहून ठेवते. सासूबाई दुपारी वाती वळतात. त्याने कापूस पळवला तोवर हसलो. मग एक दिवस गोधडीचा दोरा त्याच्या तोंडातून लोंबताना दिसला. मी ओढणार होते, नवऱ्याने हात धरला. दवाखान्यात सांगितलं, ओढला नाहीत ते बरं केलंत, आत सुई किंवा गाठ अडकलेली असली तर आतडं कापलं जातं. त्याचा नुसता एक हातभर दोरा होता, सुटला. आता सुईदोरा डब्यात, आणि वाती वळायच्या दार लावून.

भाटीचं ऑपरेशन वर्गणीतून झालं. आमच्या सेक्रेटरींनी दोनशे दिले आणि पावती मागितली.

मनीची माय | ९ जून, रात्री ८:००

माठाची तिवई! फोटो टाका. आणि पाण्याची वाटी खाण्याच्या वाटीपासून लांब, दोन-तीन ठिकाणी ठेवा. मांजरांचे पूर्वज वाळवंटातले, तहान कमी लागते त्यांना. बोक्याच्या बाबतीत आपल्याकडच्या उन्हाळ्यात यावर विशेष लक्ष.

गिरणाकाठ | १६ एप्रिल, रात्री ११:२०

वर्षाने परत आलेय. मनीची माय, तुमचं शेवटचं वाक्य मी वाचलं होतं आणि विसरले होते.

कळणा आता तेरा महिन्यांचा. ऑपरेशन ऑक्टोबरात झालं. परवा मी बँकेत, सासूबाईंचा फोन. त्या मला कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत. म्हणाल्या, 'मी हरिपाठाला बसले होते. एक अभंग होईपर्यंत हा तीनदा पेटीत जाऊन बसला आणि कोरडाच बाहेर आला. आता ओरडतोय. सकाळपासून पेटीत एकही गोळा नाही.'

मी म्हटलं संध्याकाळी बघू. तर म्हणाल्या, 'माणसाची लघवी तुंबली तर संध्याकाळपर्यंत थांबशील का?'

अर्धी रजा टाकली. लघवीची नळी खड्यांनी बंद झाली होती, बोक्यांची नळी अरुंद असते म्हणाले. भूल देऊन नळी घातली, दोन दिवस सलाइन. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतंत तर मूत्रपिंडं गेली असती. मी वर्षभर त्याची पेटी उपसतेय आणि गोळे मोजायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या हात न लावता लांबून मोजत होत्या.

आता घरी आहे. ओलं खाद्य सुरू केलंय, पाण्याच्या चार वाट्या, त्यातली एक माठाखाली.

गोठ्यातला डॉक्टर | १७ एप्रिल, सकाळी ६:५०

वेळेवर नेलंत. हे पुन्हा होऊ शकतं, म्हणून गोळे मोजणं चालू ठेवा. कोरडं खाद्य कमी करा.

गिरणाकाठ | १७ एप्रिल, रात्री ९:३०

आता खरा प्रश्न. दोन-चार दिवसांत आखाजी (अक्षय्य तृतीया). दरवर्षी मी आणि मुलगी चार दिवस चोपड्याला जातो, झोका बांधलेला असतो, आई वाट बघते. नवऱ्याची ड्यूटी. कळण्याला बरोबर न्यायचं का?

जिभाऊ | १७ एप्रिल, रात्री ९:४१

आखाजीले आंडेर (लेक) माहेरले येस, मांजर नही!

मनीची माय | १७ एप्रिल, रात्री १०:०५

जिभाऊंशी पहिल्यांदाच सहमत. आजारातून उठलेला, त्यात बसचा प्रवास, अनोळखी खळं, मोकळी दारं. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. त्याला घरीच ठेवा, पण खायला घालणारं आणि पेटी बघणारं कुणीतरी हवं. शेजारी किल्ली देता येईल का?

गिरणाकाठ | १८ एप्रिल, रात्री १०:५०

शेजारी विचारणार होते. सासूबाई म्हणाल्या, घरात जिवंत माणूस असताना किल्ली कशाला वाटतेस?

चार दिवसांचं कोरडं खाणं मी मोजून आठ झाकणाच्या डब्यांत भरून ठेवलंय, दोन वेळांचं दोन. ओलं खाद्य आणि पेटी रात्री नवरा आला की तो बघेल. त्या पाकिटाला शिवणार नाहीत. आत्ता ओट्याशी रंगीत तालीम चालू होती. डबा सांडशीने उचलायचा, सांडशीनेच वाटीत उपडा करायचा. पहिल्यांदा निम्मं खाली सांडलं. कळण्याने ते खाल्लं. ती सांडशी आता त्याच्या गॅलरीतल्या खिळ्याला टांगलीय आणि माझ्यासाठी उद्या नवी आणायचीय.